ठोक्याच्या मागावर, चांदोदहून खाली

नर्मदेवर जाऊन आलेली माणसं म्हणे शांत होऊन येतात. चेहऱ्यावर तेज दिसतं, बोलणं कमी होतं, काहींचा तर चहासुद्धा सुटतो. मी नर्मदेवरून आले ती दोन्ही कान चोळत. बडोद्यात अकोट्याला आमच्या सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, कसं झालं मैयाचं दर्शन? मी म्हटलं, मैया छान होती, पण तिच्यात आमची बोट होती. तेव्हा ज्या कुणाला चांदोदहून खाली शिनोरकडे पाण्यानं जायची हौस असेल, त्यांनी आधी हे वाचावं आणि मग एस.टी.चं तिकीट काढावं.

बडोदे

बोट माझी नाही, हे आधीच सांगते. ती माझ्या थोरल्या भावाची. दादा बडोद्यातल्या एका कारखान्यात डिझेल इंजिनं तपासायचा. तयार झालेलं इंजिन लोखंडी बाकावर आवळून बसवायचे, सुरू करायचे, आणि दादा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला नि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. त्यानं मान हलवली की इंजिन पास. आयुष्यभर त्यानं हेच केलं. मग देशात नवं वारं सुटलं. आमच्याकडे केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले, आणि दादाच्या कारखान्यात एक यंत्र आलं, जे इंजिनाचा आवाज ऐकून कागदावर रेघा काढून देई. त्या यंत्राला चहा लागत नव्हता. दादाला शाल आणि नारळ देऊन स्वेच्छेनं निवृत्त करण्यात आलं. स्वेच्छा कुणाची, ते मात्र कुणी विचारलं नाही.

घरी बसलेल्या पुरुषाचं काय करायचं हे नागरवाड्यातल्या माझ्या माहेरी कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा पंख्याचा आवाज ऐकून नावं ठेवू लागला, मग मिक्सरला, मग शेजाऱ्यांच्या स्कूटरला. वहिनीच्या भावाचा मकरपुऱ्याला प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना आहे. त्यानं मोठ्या मनानं दादाला फाटकावरची जागा देऊ केली. स्टुलावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर नजर ठेवायची. त्या दिवशी दादा जेवला नाही.

तेवढ्यात हसमुखभाई आले. हसमुखभाईंचं दांडिया बाजारात फरसाणाचं दुकान आहे आणि त्यांना आयुष्यात कधीही कशाचीही चिंता वाटलेली नाही. भावनगरकडे जिथे जुनी जहाजं फोडतात, तिथल्या रस्त्यावर जहाजाचं सगळं विकायला असतं. कपाटं, बेसिनं, गाद्या, आणि जहाज बुडताना माणसांनी ज्यात उड्या मारायच्या त्या जीवरक्षक होड्यासुद्धा. अशी एक होडी, आतल्या इंजिनासकट, हसमुखभाईंनी बघून ठेवली होती. नर्मदेवर यात्रेकरू ने-आण करायची, इंजिन दादानं सांभाळायचं, बोलणं हसमुखभाईंनी. दादाचे डोळे चमकले, आणि महिन्याभरात एक केशरी होडी ट्रकवर बसून चांदोदच्या घाटावर येऊन उतरली.

आता यात्रेकरूंची बोट म्हटली की घाट हवा आणि घाट म्हटला की ट्रस्टी. शिनोरच्या खाली एका देवस्थानाचा घाट आहे. तिथून पलीकडच्या काठावरच्या देवळात माणसं न्यायला त्यांना एकच मोटारबोट हवी होती. तिथले कर्तेसवरते छगनकाका. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही आणि ते तसं सांगतातही. कुणीही होडी घेऊन आला की ते एवढंच विचारतात, घरची माणसं बसतात का यात? बायको बसत असेल तर यात्रेकरू बसतील, नसेल तर जय श्रीकृष्ण. पौर्णिमेच्या सकाळी बोट घेऊन या नि दाखवा, असा त्यांचा निरोप आला.

मी म्हटलं, मी बसते की. तर हसमुखभाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं की बहीण चालत नाही, बहीण दुसऱ्याच्या घरची, ती बुडाली तर याचं काय जातं, असं काकांचं म्हणणं आहे. म्हणजे बसायला हवी होती वहिनी, आणि वहिनीनं तर साफ नकार दिला होता. तिचं म्हणणं असं की ही वस्तू जहाज बुडायला लागल्यावर वापरायची. ती वापरायची वेळ आली, म्हणजे काहीतरी वाईट झालेलंच असतं. शिवाय पहिल्याच चाचणीला बोटीतून खडखड ऐकू आली होती. आवाज बंद झाला की बसेन, नाहीतर सोमवारी मुकाट्यानं मकरपुऱ्याला जायचं, एवढ्यावर त्या दोघांचं ठरलं. दादानं ते मान खाली घालून कबूल केलं आणि मला बोलावलं. रिकामी बोट एक आवाज करते, भरलेली दुसरा, म्हणून त्याला वजन हवं होतं. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवल्याचा आदर म्हणून नव्हे, वजन म्हणून माझी निवड झाली.

चांदोद

हसमुखभाईंच्या मारुती व्हॅनमध्ये दादा, वहिनी, मी, डिझेलचे डबे आणि लीलो, म्हणजे ओला, चेवडा यांनी डभोईवरून चांदोद गाठलं. व्हॅनच्या प्रवासाबद्दल न बोललेलंच बरं, माझ्या मांडीवर कोण होतं तर बोटीच्या दिव्याची बॅटरी.

चांदोदचा घाट सुरेख आहे. पायऱ्या उतरत खाली जातात, समोर ओरसंग येऊन नर्मदेला मिळते, आणि पाणी असं संथ की बघतच राहावं. त्या सगळ्या सुंदर दृश्याच्या मधोमध आमची केशरी होडी उभी होती. हसमुखभाईंनी एका बाजूला ‘श्री रेवा’ असं रंगवून घेतलं होतं. दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी परदेशी लिपीतल्या मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी तशाच होत्या. त्यांचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. हसमुखभाई म्हणाले, स्वागतम् लिहिलं असेल. मला ती अक्षरं स्वागताची वाटली नाहीत.

बोटीची रचना समजून घ्या, पुढे लागेल. मधोमध लाकडी पेटारा, त्यात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. ते हँडल मारून सुरू करायचं. इंजिनातून एक लांब दांडा बोटीच्या तळातून मागे पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा फिरतो. बाजूला एक दांडी. ती पुढे ढकलली की बोट पुढे, मागे ओढली की मागे, मधे ठेवली की इंजिन नुसतंच चालतं, पंखा फिरत नाही. दादाला इंजिनाची कुंडली तोंडपाठ होती. दांडा आणि पंखा त्याच्या आयुष्यात कधी आलेच नव्हते. कारखान्यात इंजिनाच्या मागे काय जोडायचं ते गिऱ्हाईक बघून घेई.

तर त्या दुपारी खडखडीचा शोध सुरू झाला. दादानं अर्धं इंजिन उघडलं. नळ्या काढल्या, पुसल्या, परत लावल्या. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तो असा बसला की घाटावरच्या बायका त्याला नमस्कार करून जाऊ लागल्या. खडखड होतीच. शेवटी हसमुखभाईंना भूक लागली. त्यांनी पेटाऱ्याच्या मागच्या खाचेतून पत्र्याचा डबा काढला आणि खडखड थांबली. गाठिया गरम राहावेत म्हणून त्यांनी तो पहिल्या दिवसापासून तिथे इंजिनाला चिकटवून ठेवला होता. दादानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हसमुखभाईंनी त्याला गाठिया दिले.

धर्मशाळेत रात्री खिचडी आणि कढी मिळाली. कढी गोड होती. पुण्याचे आमचे नातेवाईक बडोद्याला आले की आमच्या आमटीला गोड म्हणून नाकं मुरडतात. त्यांना एकदा चांदोदला आणून जेवू घालायला हवं, म्हणजे आमची आमटी त्यांना तिखट लागेल.  एक आवाज गेला हे वहिनीनं मान्य केलं होतं, पण सकाळी बघू म्हणाली.

सकाळी तिनं पिशवीतून हिरवी इरकली नऊवारी काढली. दांडिया बाजारातून ती साडी आणताना मी बरोबर होते आणि मला वाटलं होतं की कुणाच्या तरी लग्नात द्यायची असेल. ती नर्मदेच्या ओटीची होती. बोटीत बसणार नाही म्हणणाऱ्या या बाईनं बोट पाण्यात उतरली त्याच दिवशी मैयाला साडी बोलून ठेवली होती, आणि आम्हाला पत्ता नाही. मला अगदी भरून आलं, पण मी ते दाखवलं नाही. आमच्या घरात दाखवत नाहीत.

इथले लोकही मैयाला चुनडी देतात, पण ती वीतभर, जाळीची, कडेला गोटा लावलेली. पाण्यात सोडली की तरंगत जाते. आमच्या वहिनीचा कारभार असा वीतभर नसतो. नदीसारखी नदी, तिला अपुरं लुगडं कसं द्यायचं? दादानं इंजिन सुरू करून दांडी पुढे ढकलली होती, पंखा पाणी ढवळत होता, हसमुखभाई दोर सोडत होते. वहिनीनं घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, आणि खण-नारळासकट सगळी साडी उलगडून बोटीच्या मागच्या अंगाला पाण्यात सोडली. क्षणभर हिरवं काही तरी पसरलेलं दिसलं आणि बघता बघता साडी आत ओढली गेली. नारळ तेवढा वर आला. हसमुखभाईंनी हात जोडले आणि जाहीर केलं, “माताजीए तरत स्वीकारी लीधी.” मैयानं लगेच पदरात घेतली म्हणून आम्ही सगळे खूश झालो. वहिनीसुद्धा हसली, पण काकांच्या घाटापर्यंत आवाज न करता आलात तरच तिथे बसेन, असं बजावून शिनोरला जायला छकडो रिक्षा बघायला निघून गेली.

व्यासबेट

चांदोदचा घाट दिसेनासा व्हायच्या आत तो आवाज सुरू झाला. खडखड नव्हे. हा ठोका होता. ठक्, ठक्, ठक्, तळातून येणारा, बोट थरथरवणारा. वेग वाढवला की ठोका जलद, कमी केला की सावकाश, आणि माझा चष्मा दर ठोक्याला नाकावरून खाली. मागून काळा धूर येऊ लागला. हसमुखभाई म्हणाले की नवी मशीन आहे, थोडी बोलणारच. ज्या होडीनं समुद्र पाहून झाले आणि जिचं जहाज मोडीत निघालं, तिला नवी म्हणायला छाती लागते.

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. स्क्रूड्रायव्हर त्यानं इंजिनाला वरून लावला, खालून लावला, दोन्ही बाजूंनी लावला. मला म्हणाला, क्रँकचं बेअरिंग गेलं असावं. याचा अर्थ मी विचारला. अर्थ असा होता की इंजिन भंगारात, आणि त्याच्या मागोमाग बोट.

बाकी नदी सुंदर होती, हे मी नोंदवून ठेवते, कारण तेव्हा बघायला कुणाला वेळ नव्हता. दोन्हीकडे उंच मातीचे कडे, त्यांत पोपटांची बिळं, काठाकाठानं एरंड आणि तूर. कपडे धुणाऱ्या बायका आमचा ठोका ऐकून हात थांबवून बघायच्या. प्रवाहाच्या जोरावर आणि देवाच्या दयेवर आम्ही व्यासबेटाला लागलो.

काठावरच्या एका माणसानं ओरडून सांगितलं की पाण्यात पाय सोडू नका, मगर असते. आम्हा बडोदेकरांना मगरीचं काय कौतुक. विश्वामित्रीच्या पुलावरून भाजी आणायला जाताना आम्ही त्यांना रोज बघतो. पण बडोद्यात त्या पुलाखाली असतात आणि आम्ही पुलावर, हा फरक माझ्या लक्षात आला आणि मी पाय वर घेतले.

बोट दोरानं बांधली. दादानं दांडी मधे घेऊन इंजिन चालवलं, आणि ठोका गायब. असं गोड चाललं होतं ते इंजिन की ऐकत राहावं. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागणारी आणि ते गेले की घर डोक्यावर घेणारी मुलं मी शाळेत खूप पाहिली आहेत. हे इंजिन त्याच जातीचं. दादानं वेग वाढवला, कमी केला, एकेक सिलिंडर बंद करून ऐकलं. काही नाही. त्यानं तेल काढून बोटांवर चोळलं आणि उन्हात धरलं. बेअरिंग गेलं असेल तर तेलात धातूची चकाकी येते. चकाकी नव्हती. सगळं ठाकठीक म्हणून आम्ही पुन्हा पुढे निघालो, आणि नदीच्या मध्याशी आलो तोच ठक्, ठक्, ठक्. असं त्या दिवशी चार-पाचदा झालं. काठाला बांधली की शांत, सोडली की बोंब. दर वेळी दादा इंजिन उघडे, दर वेळी हसमुखभाई त्याला चहा देत, आणि मी वजन म्हणून माझं काम चोख करत राहिले.

शिनोर

शिनोरला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. वहिनी घाटावर उभी होती. ती दुपारीच पोचली होती. अंघोळ, दर्शन, वामकुक्षी आटपून तिनं गावातलं एक जुनं मराठी घर शोधून काढलं होतं आणि त्या लोकांना आमच्यासाठी रांधायला लावलं होतं. ठोका तिनं लांबूनच ऐकला होता. ती पिशव्या उचलून पुढे चालू लागली.

जेवण मात्र अफाट होतं. बाजरीचे रोटले, वांग्याचा ओळो म्हणजे भरीत, लोण्याचा गोळा, आणि खास मराठीपणा राखायचा म्हणून वाटीभर पिठलं. त्या घरातल्या काकू मराठी आमच्यासारखीच बोलत होत्या, म्हणजे निम्मी गुजराती. पिठलं सरस झालंय, जरा वधारे घ्या, असा आग्रह चालला होता. दादानं पाव रोटला मोडला आणि तो तसाच उठला.

मी त्याच्या मागे घाटावर गेले. दिवेलागण झाली होती. तो पायरीवर बसला होता आणि स्क्रूड्रायव्हर शेजारी ठेवला होता. मी चेष्टा करायच्या तयारीनं गेले होते. त्यानं मला बोलू दिलं नाही.

“सुधा, त्या यंत्राचं बरोबर होतं. माझा कान गेलाय.”

मी म्हटलं, काहीतरीच काय.

“दिवसभर ऐकतोय. इंजिन चांगलंय असं कान सांगतो, आणि बोट हादरते. दोन्हींतलं एक खोटं आहे. बोट तर खोटं बोलत नाही.”

 लहानपणी लांबून वडिलांच्या सायकलची चेन ऐकून, अण्णा आले, म्हणून सांगणारा माझा भाऊ, तो मकरपुऱ्याच्या फाटकावर स्टुलावर बसलेला मला दिसू लागला. मला फार वाईट वाटलं, आणि हसमुखभाईंचा, त्या यंत्राचा, वहिनीच्या भावाचा, सगळ्यांचा राग आला. मी त्याला घरात घेऊन आले.

सकाळी वहिनी पुन्हा छकड्यानं पुढे निघाली. निघताना दादाला म्हणाली, “मी भावाला कळवलंय. आवाज करत आलात तर सोमवारी त्याच्याकडे जायचं. मला बोटीतून विधवा होऊन परतायचं नाही.” आवाज कठोर होता, पण डोळे लाल होते. दादानं मान हलवली.

वाळूचा पट्टा

शिनोर सोडलं आणि ठोका सुरू झाला. कालच्यापेक्षा जोरात. छगनकाकांचा घाट दोन वळणांवर राहिला होता. हसमुखभाई पहिल्यांदाच गप्प होते, आणि त्यावरून परिस्थिती किती गंभीर आहे ते मला कळलं.

वळणावर पाण्याखाली वाळूचा पट्टा होता. तो हसमुखभाईंना अगदी जवळ आल्यावर दिसला आणि ते किंचाळले. दादानं घाईघाईनं दांडी मागे ओढली. बोट कचकन थांबली आणि मागे सरकू लागली. मी पेटाऱ्यावरून घसरून चेवड्याच्या पिशवीवर बसले. उठून बघते तर दादा पुतळ्यासारखा उभा.

मागे जाताना ठोका जवळजवळ थांबला होता.

त्यानं दांडी पुढे केली, ठक्, ठक्, ठक्. मागे केली, हलकीशी घरघर. मधे केली, शांत. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आम्ही नदीच्या मध्यावर झोके घेत होतो आणि हसमुखभाई विचारत होते की वसंतभाईंना, म्हणजे दादाला, काही झालंय का. इंजिन तर तिन्ही वेळा त्याच दिशेनं फिरत होतं. बदलत होतं ते मागचं. दादानं स्क्रूड्रायव्हर उचलला, पेटाऱ्याकडे पाठ केली, बोटीच्या पार शेपटाकडे गेला, आणि जिथे दांडा तळातून बाहेर पडतो त्या नळीला टोक लावून मूठ कानाला लावली. मला म्हणाला, दांडी पुढे ढकल. मी ढकलली. तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

आवाज इंजिनात नव्हताच. इतकी वर्षं बाकावर आवळलेली इंजिनं ऐकलेला माणूस, इंजिनाच्या मागेही बोट असते हे दोन दिवस विसरला होता. काठाला बांधून, दांडी मधे ठेवून तो जे जे तपासत होता, ते सगळं निर्दोष होतं. कान शाबूत होता, फक्त भलत्या ठिकाणी लावलेला होता.

बोट वाळूला लावली आणि इंजिन बंद केलं. दादानं धोतराचा काचा मारावा तशी पॅन्ट वर खोचली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मगरीची आठवण मी करून दिली, त्यानं ऐकलं नाही. हसमुखभाई काठीनं पाण्यावर बडवत राहिले. दादानं खाली हात घातला, चाचपलं, आणि त्याचा चेहरा विचित्र झाला. मग तो ओढू लागला. ओढतोय, उलटं फिरवतोय, ओढतोय. हिरवं कापड पाण्यातून हातभर, दोन हात, आणखी, आणखी येत राहिलं. पंख्याजवळ दांड्याला त्याचे असे आवळ वेढे बसले होते की दर फेऱ्याला तो गठ्ठा बोटीच्या बुडावर आदळत होता. नऊ वार कापड होतं. काठ शाबूत होते. मधे चिंध्या झाल्या होत्या.

हसमुखभाईंनी हाताच्या बोटांनी वीत दाखवून मला दुःखी स्वरात सांगितलं की त्यांची चुनडी एवढीशी असते.

इंजिन सुरू केलं. दांडी पुढे ढकलली. बोट अशी मुकाट्यानं निघाली की मला पाण्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. पण दादाचं हसू मावळलं होतं. वहिनीला काय सांगायचं? नवस बोललेली साडी मैयानं फाडून परत केली, असंच ती म्हणणार. मग आवाज असो वा नसो, ती पाऊल ठेवणार नाही, आणि तिचं चूक आहे असं म्हणायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. हसमुखभाई म्हणाले, वाळूत पुरून टाकू. दादाला ते जिवावर आलं. शेवटी साडी पिळून बोटीच्या मागच्या फळीखाली कोंबली आणि काही कचरा अडकला होता असं सांगायचं, असं तिघांनी ठरवलं. लपवाछपवीत आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

काकांचा घाट

घाटावर पौर्णिमेची गर्दी होती. छगनकाका पांढऱ्या टोपीत, खुर्चीवर. खुर्ची प्लास्टिकची होती. त्यांच्या बाजूला वहिनी, हातात पिशवी. बोट आवाज न करता येताना बघून तिनं पिशवी खाली ठेवली.

काका उठून आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही, रंगाकडे नाही. दादाला विचारलं, “घरनां माणस बेसे छे?”

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं त्यालाच विचारलं, कसला आवाज होता? काही नाही, कचरा होता थोडा, दादा म्हणाला. कसला कचरा? दादाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. हसमुखभाई आकाशात घारी बघू लागले. मी तोंड उघडायला जाणार, तेवढ्यात वहिनीची नजर फळीच्या फटीकडे गेली. तिथून इरकली काठाचं टोक बाहेर लोंबत होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

तिनं वाकून ते टोक धरलं आणि ओढलं. साडी सगळी घाटाच्या पायरीवर आली. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. काका बघत होते, यात्रेकरू बघत होते. वहिनीनं साडी दोन्ही हातांवर घेतली, उलटून पाहिली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.  दादाच्या तोंडून कसंबसं निघालं, “अगं, तिनं परत केली असं नाही...”

“परत करत्येच ती,” वहिनी म्हणाली. “देवीची ओटी भरली की गुरव त्यातलं काहीतरी आपल्या पदरात घालतोच की नाही? त्याला काय म्हणतात?”

दादा म्हणाला, “प्रसाद.” आणि मग चाचरत म्हणाला, “पण फाटलीय गं.”

“प्रसाद काय अख्खा मिळतो?”

तिनं साडीची घडी घातली, ती कपाळाला लावली, पदर खोचला, आणि हात धरायला कुणी पुढे यायच्या आत बोटीत उतरली. बोट डुलली. ती क्षणभर घाबरली, मला दिसलं ते. तिनं पेटाऱ्याचा कोपरा घट्ट धरला आणि बसली. दादानं हँडल मारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, कारण त्याला रडू येत होतं, आणि आमच्या घरात दाखवत नाहीत.

छगनकाकांनी मागे वळून माणसांना हात केला. “बेसाडो.”

माणसं बोटीत उतरू लागली. डोक्यावर गाठोडी, हातात पितळी लोटे, सगळी एका बाजूला. बोट कलली आणि वहिनीचा आवाज चढला. वच्चे बेसो, बधां वच्चे बेसो, ओ काका तमे आ बाजू, असं तिच्या नागरवाड्याच्या गुजरातीत तिनं एकेकाला मधे सरकवत जागेवर बसवलं. दोन दिवस या बोटीत वजन म्हणून हाडं खिळखिळी करून घेतलेली मी, तिच्या शेजारची माझी हक्काची जागा घ्यायला पायरी उतरले. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “वन्सं, तुम्ही पुढच्या फेरीला या.”